मशीन गप्प का झालं? अवजड यंत्रांतले संदेशवहनाचे बिघाड आणि निदानाचं तर्कशास्त्र



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने जेसीबी आणि पोकलेनच्या वायरिंगवर का बोलावं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. उत्तर सोपं आहे. ‘जे कळतं ते कशावरून कळतं?’ हा आमच्या विषयाचा जुना प्रश्न. बंद पडलेल्या मशीनसमोर उभ्या असलेल्या मेस्त्रीला तोच प्रश्न रोज पडतो. वर्गात उत्तर चुकलं तर फार तर दोन मार्क जातात. तिथे चुकलं तर एखाद्याचा कर्जाचा हप्ता थकतो. तेव्हा या प्रश्नाची खरी परीक्षा वर्गात होते की बांधावर, हे तुम्हीच ठरवा.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात ही मशीनं किती ठिकाणी राबतात बघा. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ला झालं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला, आणि तो रस्ता आपल्या कोपरगाव तालुक्यातून जातो. शेततळी, बांधबंदिस्ती, तलावातला गाळ, विहिरीचं खोदकाम, सगळीकडे तेच. ‘जेसीबी’ हे इंग्लंडमधल्या कंपनीचं नाव, ‘पोकलेन’ हे फ्रान्समधल्या कंपनीच्या नावावरून आलेलं, पण आपल्याकडे आता ही सामान्यनामं झाली आहेत. आणि बहुतेक वेळा मशीनचा मालक म्हणजे मोठा कंत्राटदार नसतो. एक मशीन, एक ऑपरेटर आणि डोक्यावर कर्ज, एवढाच त्याचा कारभार असतो.

कानाने ओळखण्याचा काळ

पूर्वीच्या मशीनमध्ये डिझेलचा पंप यांत्रिक होता. ॲक्सिलरेटरपासून पंपापर्यंत केबल किंवा दांडी जायची. मेस्त्री आवाज ऐकायचा, धुराचा रंग बघायचा, पाइपला हात लावायचा आणि सांगायचा. म्हणजे कारण आणि कार्य यांच्यातला दुवा डोळ्यांना दिसत होता.

मग प्रदूषणाचे नियम कडक झाले. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांसाठी भारत टप्पा ४चे निकष १ एप्रिल २०२१पासून लागू झाले आणि टप्पा ५चे १ जानेवारी २०२५पासून. धुरातले घटक इतके कमी ठेवायचे तर डिझेल नेमक्या क्षणी, नेमक्या मापाने आत जायला हवं. ते काम दांडीला जमत नाही, त्याला संगणक लागतो. त्या संगणकाला आपण ईसीयू म्हणतो. नव्या मशीनमध्ये इंजिनाचा ईसीयू वेगळा, बऱ्याच ठिकाणी गिअरबॉक्सचा किंवा हायड्रॉलिकचा वेगळा, ऑपरेटरसमोरचा डिस्प्ले हा आणखी एक. हे सगळे एकमेकांशी बोलतात, आणि तो संवाद तुटला की इंजिन, पंप, होसपाइप सगळं ठणठणीत असूनही मशीन उभं राहतं. डिझेल आहे, बॅटरी आहे, तरी चालत नाही. कानाने ओळखणाऱ्या मेस्त्रीची इथे पंचाईत होते.

दोन तारांवरची ग्रामसभा

हे बोलणं चालतं कसं? जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८३मध्ये यावर काम सुरू केलं आणि फेब्रुवारी १९८६मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत ते जगासमोर मांडलं. त्याचं नाव कॅन बस. १९९३मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. ट्रक आणि अवजड यंत्रांसाठी या बसवर बोलायची जी भाषा ठरली तिला जे १९३९ म्हणतात.

कॅन बस म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा. एकीला हाय म्हणतात, दुसरीला लो. सगळे ईसीयू याच दोन तारांना जोडलेले. ही ग्रामसभा समजा, फक्त तिला सरपंच नाही. कुणीही उठून बोलावं आणि सगळ्यांनी ऐकावं. दोघं एकदम बोलायला उठले तर? प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला त्याचा क्रमांक असतो. लहान क्रमांक म्हणजे जास्त महत्त्वाचं बोलणं. मोठ्या क्रमांकाचा आपोआप थांबतो, दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होऊ देतो आणि मग पुन्हा बोलतो. कुणाचाच शब्द वाया जात नाही. (खऱ्या ग्रामसभांना हे कधी जमेल, हा आजचा विषय नाही.)

आणखी एक गोष्ट आम्हाला फार विचार करण्यासारखी वाटते. प्रत्येक ईसीयू स्वतःच्या चुका मोजतो. संदेश पाठवताना चूक झाली की मोजणीत ८ वाढतात, नीट गेला की १ कमी होतो. मोजणी १२८वर गेली की तो दबक्या आवाजात बोलू लागतो, आणि २५५च्या पुढे गेली की स्वतःहून बसपासून बाजूला होतो. ‘चूक माझ्यातच असेल, माझ्यामुळे बाकीच्यांचं बोलणं बंद पडू नये’ असा हा व्यवहार आहे. पण इथे एक मेख आहे. तो गप्प झाला म्हणजे तो खराब झाला, असं ठरत नाही. त्याच्या तारेत पाणी गेलं तरी त्याचा संदेश चुकतो, मोजणी वाढते आणि तो बाजूला होतो. ही मेख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकच तापमान, तीन तक्रारी

मशीन स्कॅनरला जोडलं की दोन आकडे दिसतात. पहिला सांगतो कशाबद्दल तक्रार आहे, दुसरा सांगतो कोणत्या प्रकारची. पहिल्याला एसपीएन म्हणतात, दुसऱ्याला एफएमआय. उदाहरण घेऊ. ११० हा आकडा इंजिनातल्या कूलंटच्या तापमानाचा.

११० आणि ० आलं, तर तापमान खरोखरच मर्यादेच्या वर गेलं आहे. रेडिएटर बघा, फॅनचा पट्टा बघा, कूलंट बघा.

११० आणि ३ आलं, तर व्होल्टेज नको तितकं वाढलं आहे. म्हणजे कूलंट गरम आहे की थंड हे ईसीयूला कळतच नाहीये. तापमानाच्या सेन्सरची तार तुटली किंवा कनेक्टर निसटला की असं होतं. बिघाड सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधे आहे.

११० आणि १९ आलं, तर तक्रार करणारा वेगळाच कुणीतरी आहे. तो म्हणतो, ‘बसवरून माझ्यापर्यंत आलेली तापमानाची माहिती चुकीची आहे.’ त्याने तापमान स्वतः मोजलेलं नाही, त्याने फक्त ऐकलं आहे.

बघा, डिस्प्लेवर तिन्ही वेळा तापमानाचंच चिन्ह लागेल. पण पहिली गोष्ट वस्तूबद्दलची, दुसरी इंद्रियाबद्दलची आणि तिसरी शब्दाबद्दलची. न्यायदर्शनाने चार प्रमाणं सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द हे प्रमाण कधी? सांगणारा आप्त असेल, म्हणजे त्याला माहिती असेल आणि तो ती नीट सांगत असेल तेव्हा. म्हणून कोड वाचल्यावर पहिला प्रश्न ‘कोड काय म्हणतो?’ हा नाही. पहिला प्रश्न, ‘हे कोण म्हणतंय आणि त्याला हे कुठून कळलं?’ स्कॅनरवर प्रत्येक कोडबरोबर तो कोड देणाऱ्या ईसीयूचा पत्ताही येतो. इंजिनाचा पत्ता ०. तो पत्ता न बघता कोड वाचणं म्हणजे निनावी पत्रावरून पोलिसांनी माणूस उचलण्यासारखं आहे.

नसण्याचं ज्ञान

आता संदेशवहनाच्या खऱ्या बिघाडाकडे येऊ. नेहमी दिसणारा कोड म्हणजे ६३९ आणि ९. ६३९ म्हणजे बस, ९ म्हणजे संदेश ठरलेल्या वेळेत येत नाहीत. ही तक्रार असलेल्या गोष्टीची नाही, नसलेल्या गोष्टीची आहे.

‘नाही’ हे कसं कळतं, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाला. ‘जमिनीवर घडा नाही’ हे ज्ञान कुठून येतं? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणाले, यासाठी अनुपलब्धी हे वेगळंच प्रमाण मानलं पाहिजे. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण नको, प्रत्यक्षानेच कळतं. पण एका अटीवर दोघांचंही जुळतं: घडा असता तर तो नक्की दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

कॅन बस नेमकी या अटीवर चालते. कूलंटच्या तापमानाचा संदेश दर सेकंदाला यायचाच, असं ठरलेलं आहे. म्हणून तो आला नाही की ‘नाही’ म्हणता येतं. पण मेस्त्रीने एक पाऊल पुढे जायला हवं. संदेश आला नाही याची कारणं तीन असू शकतात: बोलणाऱ्याने बोललंच नाही, मधली वाट तुटली, किंवा ऐकणाराच बहिरा झाला. तिन्हीत ऐकणाऱ्याची तक्रार शब्दाने तीच असते. मग फरक कसा करायचा? साक्षीदार मोजायचे. इंजिनाचा ईसीयू बोलत नाही अशी तक्रार डिस्प्ले, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक असे तिघेही करत असतील, तर संशय इंजिनाच्या ईसीयूवर, त्याच्या वीजपुरवठ्यावर किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या तारेवर. एकटा डिस्प्लेच म्हणत असेल की मला कुणाचंच ऐकू येत नाही, आणि बाकीच्यांचा आपसात संवाद सुरळीत असेल, तर आधी डिस्प्लेकडे जाणारी फांदी तपासा. सगळेच एकमेकांबद्दल ओरडत असतील, तर मुख्य बसच शॉर्ट झाली असेल किंवा मधेच तुटली असेल.

‘कोड आला, बदला ईसीयू’ यातला दोष

तर्कशास्त्रात एक फसवं विधान शिकवतात: जिथे अग्नी तिथे धूर. ऐकायला खरं वाटतं. पण लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा घ्या. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. ही लपलेली अट म्हणजे उपाधी. ती ओळखली नाही की अनुमान फसतं.

‘ज्याच्या नावाने कोड आला तो ईसीयू खराब’ हे विधान याच जातीचं. ते खरं ठरायला अटी लागतात: त्याला वीज नीट मिळत असली पाहिजे, त्याचं अर्थिंग चांगलं असलं पाहिजे आणि तारा शाबूत असल्या पाहिजेत. या तीन गोष्टी तपासल्याशिवाय ईसीयू बदलणं म्हणजे लाकूड ओलं आहे का हे न बघता धुरावर पैज लावणं. ईसीयू ही महागडी वस्तू. इलेक्ट्रॉनिक भाग एकदा बसवला की दुकानदार सहसा परत घेत नाही. दुसऱ्या मशीनचा काढून लावावा, तर त्यातलं सॉफ्टवेअर त्या मशीनपुरतं भरलेलं असतं. म्हणून ईसीयू हा शेवटचा संशयित. कारण साधं आहे: तो बंद डब्यात, सुरक्षित बसलेला असतो. तारा मात्र ऊन, पाणी, धूळ, हादरे सगळं सोसत असतात.

क्रमाने तपासायचं ते असं

पहिलं, वीज. बॅटरीचं व्होल्टेज नुसतं उभ्या मशीनवर बघू नका, स्टार्टर मारताना बघा. तेव्हा ते फार खाली गेलं तर ईसीयू क्षणभर बंद होतात आणि संवाद तुटल्याचे कोड पडतात. मग फ्यूज, रिले आणि चासीला लावलेली अर्थची पट्टी. तिच्याखाली रंग, माती किंवा गंज असेल तर बोल्ट घट्ट असूनही अर्थ कच्चा राहतो.

दुसरं, रोध. बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा, थोडा वेळ थांबा. निदानाच्या नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये बहुधा सी ही पिन हायची आणि डी ही लोची. या दोहोंमध्ये मल्टिमीटर लावा. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर असल्यामुळे मीटरवर ६०च्या आसपास यायला हवं. १२० आलं, तर एक रेझिस्टर हिशोबातून गेला आहे: तो स्वतः गेला किंवा त्याच्याकडे जाणारी तार तुटली. ४०च्या आसपास आलं, तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवला आहे. शून्याजवळ आलं, तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

इथे एक सापळा आहे. काही मशीनमध्ये टोकाचा रेझिस्टर ईसीयूच्या आतच असतो. तो ईसीयू काढला की मीटरवर १२० येणारच. त्यावरून ‘ईसीयूत दोष सापडला’ म्हणणं म्हणजे दात उपटून ‘इथे पोकळी आहे’ म्हणण्यासारखं झालं.

तिसरं, व्होल्टेज. आता चावी चालू करा. हाय आणि चासी यांच्यात २.५ व्होल्टपेक्षा किंचित जास्त, लो आणि चासी यांच्यात २.५पेक्षा किंचित कमी, आणि दोन्हींची बेरीज ५च्या आसपास. दोन्ही अगदी सारखेच २.५ असतील, तर एकतर कुणीच बोलत नाहीये किंवा तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. एखादी शून्यावर असेल तर ती चासीला लागली आहे. बॅटरीइतकं व्होल्टेज दाखवत असेल तर पुरवठ्याच्या तारेला लागली आहे. मीटर सरासरी दाखवतो, प्रत्येक संदेश दाखवत नाही. संदेशाचा आकार बघायचा तर ऑसिलोस्कोप लागतो, पण बहुतेक वेळा त्याच्या आधीच काम होतं.

चौथं, अर्धं अर्धं करणं. शॉर्ट कुठे आहे ते कळत नसेल तर स्विच पुन्हा बंद करा आणि मधलं एक कनेक्टर काढा. आता प्रत्येक भागात एकच रेझिस्टर उरला, म्हणून चांगल्या भागात १२० दिसेल. ज्या भागात अजून शून्य दिसतं, दोष त्या भागात. त्याचे पुन्हा दोन भाग करा. यालाच आमच्या भाषेत अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात: ते असताना दोष असतो आणि ते काढल्यावर दोष जातो, हे दोन्ही दाखवता आलं पाहिजे. एक दाखवून भागत नाही.

पाचवं, येणारा-जाणारा दोष. सकाळी चालतं, दुपारी बंद पडतं, मेस्त्री आला की पुन्हा चालतं. मीटर लावून ठेवा आणि हार्नेस एकेक वीत हलवत जा. ज्या ठिकाणी हात लावल्यावर आकडा उडतो, तिथे थांबा. आणि कोड पुसण्याच्या आधी लिहून घ्या, तास-मीटरच्या आकड्यासकट. कोड पुसणं ही दुरुस्ती नव्हे, तो पुरावा नष्ट करणं आहे.

आपल्याकडची कारणं

पुस्तकात नसलेली काही कारणं आपल्या मातीतली आहेत. बकेटचे दात झिजले की शेतातच वेल्डिंग होतं. बॅटरी न काढता, अर्थचा चिमटा लांब कुठेतरी लावून वेल्डिंग केलं की तो प्रवाह वाटेतल्या ईसीयूमधून जाऊ शकतो. चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावा आणि बॅटरी सोडवा. प्रेशरच्या पाण्याने मशीन धुताना कनेक्टरवर थेट फवारा मारला की आत हिरवट गंज धरतो. उसाच्या फडाजवळ उभ्या मशीनमध्ये उंदीर शिरतात. आणि बाहेरून बसवलेला जीपीएस: कुणीतरी बसच्या तारा सोलून, पीळ उकलून, वर टेप गुंडाळलेली असते. म्हणून मेस्त्रीने मालकाला पहिला प्रश्न विचारावा, ‘गेल्या महिन्यात मशीनला कुणाकुणाचा हात लागला?’ अर्धं निदान त्या उत्तरात असतं.

जाणण्याचा अधिकार

शेवटचा मुद्दा. जे १९३९मधले बरेच संदेश सगळ्यांसाठी सारखे, साध्या स्कॅनरलाही वाचता येणारे. पण प्रत्येक कंपनीला स्वतःचे खासगी संदेश ठेवायची मुभा त्याच मानकात आहे. ते वाचायला कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि मोटारी ही क्षेत्रं पुढे ठेवली. बांधकामाची मशीनं त्या चारांत नाहीत. सुरक्षेसाठी काही गोष्टी बंद ठेवाव्या लागतात, हे आम्हालाही मान्य आहे. पण स्वतःच्या मशीनची तक्रार मालकाला वाचता येऊ नये, हे काही पटत नाही.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते कमी नाही. एक मल्टिमीटर, एक वही आणि घाईने निष्कर्ष न काढण्याची सवय. आयटीआयच्या मुलांना आमचं सांगणं आहे की सर्किट शिका आणि सोबत थोडं तर्कशास्त्रही शिका. दोन्हीची किंमत तुमच्या गिऱ्हाइकाच्या बिलात दिसेल.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*काम अडलं असेल तर सेन्सर बायपास करून मशीन चालवावं का?*

नाही. सेन्सर गप्प केला की मशीनला धोका कळत नाही, धोका मात्र तिथेच असतो. सीटचा किंवा सुरक्षा लिव्हरचा स्विच बायपास केलेलं मशीन माणसाच्या जिवावर उठतं. एक दिवसाचं भाडं बुडलं तर भरून काढता येतं.

*तुम्ही म्हणता ते सगळं करायला वेळ लागतो. मालक उभा असतो, फोन चालू असतात. काय करायचं?*

वीज, अर्थ, रोध आणि व्होल्टेज या चार तपासण्या सवयीच्या हाताला अर्ध्या तासाच्या आत जमतात. चुकीचा भाग मागवून वाट बघण्यात त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. मालकाला मीटरवरचा आकडा दाखवा आणि तो काय सांगतो ते समजावून द्या. ज्याला कारण कळतं, त्याला धीर धरता येतो.